तुम्ही विचारलंत म्हणून: उघड्यावर हशा येतो का?

मी हौशी मंडळींना घेऊन मोकळ्या मैदानावर शेक्सपिअरचं ‘ट्वेल्फ्थ नाइट’ बसवते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “अहो, पण चारशे वर्षांपूर्वीच्या विनोदाला उघड्यावर हशा येतो का?” विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक कमी आणि काळजी जास्त.

येतो. पण बंदिस्त नाट्यगृहात येतो तसा आपोआप येत नाही, त्याची सोय आधीपासून करून ठेवावी लागते. उघड्यावर कॉमेडी बसवणाऱ्या दिग्दर्शकाचं निम्मं काम हे या सोयीचंच आहे.

नाट्यगृहात हशा भिंतींवर आणि छतावर आपटून परत येतो. शेजारचा हसला हे ऐकू येतं, म्हणून आपणही मोकळे होतो. मैदानात तो वर आभाळात निघून जातो. त्यात लोक ऐसपैस पसरून बसतात. सतरंजीवरच्या माणसाला वाटतं आपण एकटेच हसलो आणि चार हात लांब खुर्चीवर बसलेल्यालाही तसंच वाटतं. मग दोघंही पुढच्या वेळी सावध होतात. म्हणून मी बसण्याची जागा दोर लावून मुद्दाम आखूड ठेवते. “जरा पुढे सरका, मागे लोक येतायत” असं गोड बोलून सरकवणारे कार्यकर्ते माझ्या दृष्टीने नटसंचाचाच भाग आहेत. खेटून बसलेली शंभर माणसं पांगलेल्या तीनशे माणसांपेक्षा जास्त हसतात, हा माझा अनुभव.

दुसरी सोय आवाजाची. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलनी पडतो आणि सावरून घ्यायला भिंत नसते. म्हणून जागा बघायला जाते तेव्हा प्रयोगाच्याच वेळेला जाते आणि आधी वारा बघते. वारा नटाच्या पाठीकडून प्रेक्षकांकडे वाहायला हवा. उलटा असेल तर आवाज वरच्या वर उचलला जातो आणि मागच्या रांगांना नुसते हलणारे ओठ दिसतात. नटांच्या मागे एखादी भिंत मिळाली तर सोन्याहून पिवळं. उन्हं नटांच्या तोंडावर आणि प्रेक्षकांच्या पाठीवर. नट डोळे मिचकावत कुरकुरतात, कुरकुरू देत.

“माइक का लावत नाही?” असंही विचारतात. मोठ्या गर्दीला पर्याय नसतो, हे मान्य. पण दीडशे-दोनशे लोकांपर्यंत मी टाळते. माइक लावला की सगळ्यांचे आवाज एकाच खोक्यातून येतात आणि बोललं कोण ते शोधण्यात प्रेक्षकाचे दोन क्षण जातात. तेवढ्यात विनोद मेलेला असतो. चोरून ऐकण्याच्या प्रवेशात तर विचारूच नका.

तोच प्रवेश जरा सविस्तर सांगते, कारण नाटकाचा जीव तिथे आहे. ऑलिव्हियाच्या घरचा कारभारी माल्व्होलिओ स्वतःवरच लट्टू आहे. त्याची जिरवायला घरातली टोळी एक बनावट प्रेमपत्र वाटेत टाकते. मालकीणबाई आपल्यावर भाळल्या, असं त्याला त्यातून वाटावं. तिघं झुडपाआड लपतात, हा वाचत सुटतो. नाटकाच्या ज्या सर्वात जुन्या प्रयोगाची नोंद सापडते, तो २ फेब्रुवारी १६०२ चा, लंडनच्या मिडल टेम्पल या वकिलांच्या संस्थेतला. जॉन मॅनिंगहॅम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने तो पाहिला आणि रोजनिशीत खास लिहून ठेवली ती या पत्राचीच गंमत. (तो प्रयोग छपराखालच्या दिवाणखान्यात झाला होता, हे मी आमच्या मंडळींना सहसा सांगत नाही.)

मैदानावर खरं झाड असतं, त्यामुळे नवीन नटांना त्याच्याच मागे लपायचं असतं. मी लपू देत नाही. हशा वाचणाऱ्यापेक्षा लपलेल्यांना बघून जास्त येतो. ते माल्व्होलिओला दिसत नाहीत पण आपल्याला पूर्ण दिसतात, तेव्हाच सगळा खेळ जमतो. म्हणून आमचं झुडूप गुडघ्याएवढं. तीन धिप्पाड माणसं त्यामागे अंग चोरून बसलेली आहेत आणि तरी समोरच्याला पत्ता नाही, एवढ्यावरच पहिला हशा वसूल होतो.

पत्राचंही तंत्र आहे. माल्व्होलिओ करणारा प्रत्येक नट म्हणतो, “हे पाठ कशाला करू? पत्र हातातच तर असतं.” मैदानावरच्या पहिल्या तालमीत वाऱ्याची एक झुळूक येते, कागद उलटून मनगटावर चिकटतो आणि साहेब गप्प. त्यानंतर पाठांतराबद्दल मला बोलावं लागत नाही. प्रयोगात आम्ही कागदाला मागून कापड चिकटवतो आणि लाखेचा शिक्का चांगला बशीएवढा करतो. तो फोडायचा की नाही यावर त्याची चाललेली घालमेल शेवटच्या रांगेलाही दिसली पाहिजे.

उघड्यावर विंग नसते, ही सगळ्यांची तक्रार. ‘आत जा’ म्हटलं तर आत म्हणजे कुठे? पात्र झाडीतून निघून रंगमंचावर पोचेपर्यंत पंधरा-वीस पावलं पडतात. पण जुन्या नाटकांतली ‘तो बघा, आलाच’ छापाची वाक्यं नेमकी इथेच कामाला येतात. १५९९ मध्ये उभ्या राहिलेल्या ग्लोबसारख्या, मधून आभाळ दिसणाऱ्या नाट्यगृहांतही नटाला मागच्या दारापासून पुढे यायला वेळ लागायचाच. मी ती वाक्यं कधी कापत नाही. आणि पत्रातल्या हुकमाबरहुकूम पिवळे मोजे चढवून माल्व्होलिओ येतो, तेव्हा तर हे अंतर म्हणजे वरदान. ऑलिव्हियाची पाठ असते. हिरव्या गवतावरून लांबून दोन पिवळे पाय झुलत येताना आधी एका टोकाच्या पोरांना दिसतात, मग त्यांच्या आयांना, मग मधल्यांना. नट अजून एक शब्द बोललेला नसतो. हा हशा नाट्यगृहात मिळणार नाही, तिथे विंगेतून दोन पावलांत माणूस हजर होतो.

अंतराचा दुसरा फायदा नाटकातल्या जुळ्यांना. पुरुषवेषातली व्हायोला आणि तिचा भाऊ सबॅस्टियन हुबेहूब एकसारखे हवेत आणि हौशी संचात तशी जोडी कुठून आणणार? मी चेहरे बघतच नाही. एकाच रंगाचा अंगरखा, एकच टोपी आणि एकच चाल. महिनाभर दोघांना पावलाला पाऊल जुळवून चालायला लावते. दहाव्या रांगेतून माणूस चालीवरूनच ओळखला जातो.

कात्री मात्र बिनधास्त लावते. ज्या शाब्दिक कोटीला तळटीप लागते ती उघड्यावर जगत नाही. विदूषकाचं काम करणारा दर वेळी माझ्याशी भांडतो, त्याची निम्मी कोडी जातात. जमिनीवर बसलेल्या माणसाला दोन तासांच्या वर बसवणं हा अन्याय आहे, डास असतील तर गुन्हा.

हौशी नटांना मी दोनच गोष्टी घोकून घेते. हशा चालू असताना पुढचं वाक्य टाकायचं नाही, आणि न आलेल्या हशाची वाट बघत उभं राहायचं नाही. दुसरी जास्त अवघड. घरच्या मंडळींनी तालमीत हसून दाखवलेलं असतं, मग प्रयोगात तिथे शांतता मिळाली की नट हटकून थांबतो आणि नाटक ढेपाळतं.

प्रयोगाची वेळ मी उलटी मोजून ठरवते. माल्व्होलिओला वेडा ठरवून अंधाऱ्या खोलीत कोंडतात, तो प्रवेश खरा काळोख पडल्यावर यायला हवा. तासाभरापूर्वी पिवळ्या मोज्यांवर खिदळलेले लोक तिथे जरा चुळबुळतात, काही जण मात्र जोरजोरात हसतात. मला चुळबुळणारे आवडतात, पण हसणाऱ्यांना आवरायला म्हणून मी तो प्रवेश गंभीर करत नाही. नाटककाराने दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या आहेत.

राहता राहिला पाऊस. प्रयोग थांबवायचा निर्णय माझ्याकडे नसतो, रंगमंच व्यवस्थापक बाईंकडे असतो आणि तो त्यांनी माझ्याशी न बोलता घ्यायचा असं पहिल्या तालमीलाच ठरतं. मी दिग्दर्शक, मला थेंब दिसतच नाहीत. भिजलेल्या फळीवर तलवारबाजी करताना पाय कोणाचा घसरेल, वायर कुठून गेली आहे, हे त्यांना दिसतं. त्यांची शिट्टी वाजली की ज्याचं वाक्य चालू असेल त्याने तिथेच तोडायचं, मग तो नाटकातला ड्यूक का असेना.