खिशातलं वाद्य, बॅगभर सामान

माउथ ऑर्गनवाल्याकडे बँडमधले बाकीचे जरा हेव्यानेच बघतात. ड्रमवाला अजून गाडीतून खोकी उतरवतोय, कीबोर्डवाला स्टँडचा चौथा पाय शोधतोय, आणि हे गृहस्थ शर्टाच्या खिशाला हात लावून तयार! हा हेवा गायिका स्टेजवर येईपर्यंत टिकतो. ती सांगते, "घसा बसलाय, आज अर्धा सूर खाली घेऊ." कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो, बेसवाला बोटं एक घर मागे सरकवतो, आणि खिशातलं वाद्य खिशातच राहतं.

कारण साध्या हार्पला (माउथ ऑर्गनला वादक हार्प म्हणतात), म्हणजे दहा भोकं आणि वीस रीडच्या, सूर देणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, डायटॉनिकला एकच पट्टी असते. सी ची हार्प ही सी चीच. शिवाय त्या पट्टीतलेही सगळे सूर तिच्यात नसतात. खालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत गायब, वरच्या सप्तकात निषाद गायब. खालचे दोन सूर दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकातले ओढीचे सूर, म्हणजे श्वास आत ओढून वाजणारे सूर, वाकवून, म्हणजे खाली उतरवून, काढावे लागतात. बटणवाल्या क्रोमॅटिकवर बारा भोकांत अठ्ठेचाळीस रीड आणि बारा स्वर बसतात खरे. पण वाकवलेल्या सुराची ती रग तिच्यात तशी येत नाही. म्हणून बँडमध्ये वाजवणारे बहुतेक जण डायटॉनिकच बाळगतात, एक नव्हे, अनेक.

कुठल्या गाण्याला कुठली हार्प, याचा हिशेब सरगमीत मांडला की डोक्यात पक्का बसतो. गाण्याचा सा हाच हार्पचा सा धरला तर ती पहिली पोझिशन, बिलावलचे सूर. ब्लूज आणि रॉकमध्ये मात्र बहुतेक वेळा दुसरी पोझिशन चालते: गाण्याच्या पट्टीत जो शुद्ध मध्यम, तो ज्या हार्पचा सा असेल ती उचलायची. गाणं पांढरी पाचमध्ये, म्हणजे जी मध्ये, तर हार्प सी ची. यात निषाद आपोआप कोमल मिळतो, म्हणजे खमाजचे सूर, आणि वाकणारे ओढीचे सूर नेमके गाण्याच्या सा आणि गंधारावर येतात. त्याच सी च्या हार्पवर रे ला सा मानलं की तिसरी पोझिशन, काफी थाट. गंभीर चालीच्या गाण्यांना ही शोभते. आता त्या गायिकेकडे परत जाऊ. गाणं पांढरी तीनमध्ये होतं, ए ची हार्प हातात होती. गायिका काळी दोनवर उतरली की हवी काळी चारची हार्प, आणि नेमकी तीच बहुतेकांच्या डब्यात नसते. गिटारवाल्यांना ई, ए, डी, जी या पट्ट्या प्रिय, त्यामुळे दुसऱ्या पोझिशनच्या हिशेबाने ए, डी, जी, सी या चार हार्प सगळ्यांकडे असतात. त्यापुढे एफ आणि बी फ्लॅट घेतल्या की बरंच भागतं. पण गायकासोबत वाजवायचं असेल तर बाराही पट्ट्या हव्यात.

गाण्यांच्या यादीत म्हणूनच प्रत्येक नावापुढे गाण्याची पट्टी, हार्पची पट्टी आणि पोझिशन अशा तीन गोष्टी ठळक अक्षरात लिहाव्यात. नुसतं "जी" लिहिलं, तर ती पट्टी गाण्याची की हार्पची हे ऐन वेळी आठवत नाही. हार्पवर कारखान्यातून कोरलेलं अक्षर निळ्या-लाल दिव्यांत दिसतच नाही. पांढऱ्या चिकटपट्टीवर जाड पेनाने अक्षर काढून ती झाकणाच्या पत्र्यावर लावावी. अंधारात कुलपाशी उभं राहून चाव्यांचा जुडगा चाचपण्यासारखी गत व्हायची नसेल, तर डब्यात हार्प पट्टीच्या क्रमाने, सगळ्यांची भोकं आपल्याकडे आणि खर्जाची बाजू डावीकडे ठेवून मांडाव्यात. उलटी उचललेली हार्प वाजते अगदी छान, फक्त सूर सगळे उलट्या दिशेने येतात.

आता बिघाडाविषयी. रीड ही रिव्हेटने एका टोकाला जखडलेली पितळी पट्टी, काही कंपन्यांकडे स्टीलची. सतत वाकून वाकून ती रिव्हेटपाशी थकते, बारीक चीर पडते आणि सूर उतरतो. वापर सर्वांत जास्त असल्याने बहुतेकांचा चौथ्या भोकातला ओढीचा सूर आधी जातो, मग पाचव्यातला. सूर जरासा उतरलेला असेल तर रीडच्या मोकळ्या टोकाकडून किंचित धातू खरवडला की तो चढतो, आणि रिव्हेटच्या बाजूने खरवडला की उतरतो. पण काल ठीक असलेला सूर आज एकदम पंधरा-वीस सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली आला असेल तर ती चीर आहे. तिथे खरवडणं व्यर्थ. ट्यूनरवर तपासताना एक लक्षात असू द्यावं: नवी हार्प अनेकदा ए या सुरासाठी ४४० हर्ट्झऐवजी ४४२-४४३ च्या आसपास लावलेली असते, कारण श्वासाच्या दाबाने सूर थोडा खाली येतो. तपासणी नेहमीच्या जोराने वाजवूनच करावी.

पैसे कशावर खर्च करावेत याबद्दल आमचं मत ठाम आहे. नवखा वादक आधी गोल बुलेट माइक घेतो, कारण फोटोत तो फार छान दिसतो. खरं तर सर्वांत जास्त वाजणाऱ्या दोन पट्ट्यांच्या जादा हार्प आधी घ्याव्यात. माइक तर सभागृहाचाही चालतो. सूर गेलेल्या ए च्या हार्पला पर्याय नाही.

कार्यक्रमाआधी हार्प गरम करणं ही नुसती औपचारिकता नव्हे. थंड धातूवर श्वासातली वाफ जमते, थेंब रीडवर बसतो आणि सूर अडकतो. क्रोमॅटिकमध्ये तर प्लॅस्टिकच्या चिमुकल्या झडपा असतात. त्या ओल्या झाल्या की रीडप्लेटला चिकटतात आणि सूर उशिरा, कुरकुरत येतो. पुढच्या दोन गाण्यांच्या हार्प हातात किंवा आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवल्या की पुरतं. अडकलेला थेंब तळहातावर भोकांच्या बाजूने हलकेच आपटून काढायचा. खिशातल्या कापडाचा तंतू अडकला असेल तर झाकणाचे स्क्रू काढून पातळ पत्र्याने रीड अलगद उचलायची, म्हणून छोटा स्क्रूड्रायव्हर हवाच. काही खाल्लं असेल तर चूळ भरल्याशिवाय हार्पला तोंड लावू नये. गोड पेय तर नकोच, साखर सुकून रीडवर बसते. ओठ कोरडे पडतात म्हणून मलम फासणाऱ्यांची हार्प महिनाभरात आतून मेणचट होते. पाण्याचा घोट पुरे. मिशीवाल्यांनी पत्र्याची कड भोकांच्या पट्टीला नीट टेकली आहे ना हे आधी पाहावं. तिथे केस अडकला की कुठल्याही पट्टीत नसलेला सूर निघतो.

माइक दोन जातींचे. गाण्याचा, एसएम५८ सारखा, पन्नास हर्ट्झपासून पंधरा हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि आवाज जसा आहे तसा देतो. बुलेट माइक, म्हणजे १९४९ पासूनच्या शुअर ५२० चा वंश, सुमारे शंभर हर्ट्झ ते पाच हजार हर्ट्झमध्येच रमतो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्पला जोडला की ती जाड, करकरीत गुरगुर येते. जोडणीत एक खोच आहे. बुलेट हाय इम्पीडन्सचा, म्हणजे जास्त विद्युत रोधाचा, तो थेट गिटार अ‍ॅम्पमध्ये जातो. गाण्याचा माइक लो इम्पीडन्सचा. तो नुसती केबल बदलून अ‍ॅम्पला लावला तर आवाज मरतुकडा येतो, मध्ये मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लागतो. जुन्या क्रिस्टल कॅप्सूलचे बुलेट उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. आतला स्फटिक कायमचा जातो.

शिट्टी, म्हणजे फीडबॅक, हा या धंद्यातला मुख्य शत्रू, आणि तो बऱ्याच अंशी आपल्याच मुठीतून येतो. गाण्याचा माइक समोरचा आवाज घेऊन मागचा टाळतो, ते जाळीमागच्या फटींमुळे. हार्पसह माइक मुठीत घेतला की त्या फटी बुजतात, माइक चहूकडून ऐकू लागतो आणि पायाजवळच्या मॉनिटरशी, म्हणजे वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरशी, गप्पा सुरू करतो. म्हणून साउंड चेक मूठ बंद करून, सगळ्यांत जोरात वाजवूनच द्यावा. मोकळ्या हाताने सभ्यपणे चार सूर वाजवून दाखवले की ध्वनियंत्रणेवरचा माणूस फसतो आणि पहिल्याच गाण्यात शिट्टी वाजते. त्याला सांगायचं ते एवढंच: चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं कमी कर, आणि मॉनिटरमध्ये इको घालू नकोस. स्वतःचा अ‍ॅम्प असेल तर तो माइकच्या तोंडासमोर न ठेवता बाजूला, खुर्चीवर उचलून ठेवावा आणि ट्रेबल उतरवावा. तरीही शिट्टी येत असेल तर पहिला १२एएक्स७ व्हॉल्व्ह काढून १२एवाय७ किंवा १२एयू७ लावतात. पहिल्याचा वर्धनांक, म्हणजे आवाजाचा सिग्नल वाढवण्याची ताकद, शंभर, दुसऱ्याचा पंचेचाळीसच्या आसपास, तिसऱ्याचा वीसच्या आसपास. आवाज थोडा बसतो, पण अ‍ॅम्प पुढे चढवता येतो.

मॉनिटरचा आग्रह धरायला वादक लाजतात. लाजू नये. स्वतःचं वाजवणं ऐकू आलं नाही की माणूस नकळत जोराने ओढतो, वाकवलेला सूर पाव सूर घसरतो आणि चौथी रीड त्याच रात्री थकते. एका मॉनिटरची बचत अशी एका हार्पला पडते.

बाकी बॅगेत जादा केबल, पेडल वापरत असाल तर नऊ व्होल्टची बॅटरी, कोरडं सुती कापड, पाण्याची बाटली. गिटारसोबत गळ्यातल्या रॅकवर वाजवणाऱ्यांनी रॅकच्या दोन्ही बाजूंच्या चाकीदार नटांना पक्कड मारावी. हाताने आवळलेले नट दुसऱ्या गाण्यात ढिले पडतात आणि हार्प हनुवटीकडे झुकते. रॅकवर मूठ बनत नाही, म्हणून तिथे बुलेट माइक काही कामाचा नाही, स्टँडवरचा गाण्याचाच हवा.

संपल्यावर प्रत्येक हार्प आपटून, पुसून डबा उघडाच ठेवायचा. भोकांची पट्टी प्लॅस्टिकची असलेली हार्प पत्रे काढून कोमट पाण्याखाली धरता येते. लाकडी पट्टीची कधीच नाही, लाकूड फुगून ओठांना टोचतं. जिचा सूर उतरल्याची शंका आली असेल तिच्यावर तिथल्या तिथे, दिवे विझायच्या आत, लाल चिकटपट्टी लावून भोकाचा नंबर लिहावा.