डिकी, हवा आणि पाव मैल

नागपुरातल्या घरगुती गाडीची डिकी उघडली की अर्धा संसार दिसतो. काचेला लावायची उन्हाची जाळी, पाण्याच्या बाटल्या, गेल्या पावसाळ्यातली छत्री, संत्र्यांचं रिकामं खोकं, कुणाच्या तरी लग्नातून आलेली आणि घरात कधी पोचलीच नाही अशी आहेराची पिशवी. हीच गाडी पहिल्यांदा ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन गाड्या शेजारी-शेजारी सरळ रेषेत पाव मैल पळवतात त्या पट्टीवर, न्यायची ठरवली तर तयारी इथूनच सुरू होते. सगळ्यात स्वस्त ताकद इथेच पडलेली असते, पण लोक ती शोधायला पार्टच्या दुकानात जातात.

४५ किलो वजन उतरलं की पाव मैलात साधारण ०.१ सेकंद वाचतो, असा स्ट्रिपवरचा जुना ठोकताळा आहे. स्टेपनी, जॅक आणि पाना मिळून पंधरा-वीस किलो सहज होतात. ३७ लिटरची टाकी काठोकाठ भरली तर पेट्रोलच २७ किलोंच्या आसपास जातं. धावायला पाव टाकी पुरे. त्याहून खाली मात्र जाऊ नये. गाडी झटक्यात सुटली की उरलंसुरलं पेट्रोल मागच्या बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि ऐन जोरात इंजिन अडखळतं. स्टेपनीही घरी ठेवून निघायचं नाही, ती तिथे पोचल्यावर उतरवायची.

पोचायचं कुठे, हा प्रश्न नागपूरकरांना जरा महाग पडतो. झिरो माईलच्या गावात पाव मैल सरळ, मोकळा आणि कायदेशीर रस्ता मिळत नाही! पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. आपल्याकडे या शर्यती बहुधा विमानांच्या धावपट्टीवर होतात. लोणावळ्याकडच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही शर्यत झालेली आहे. म्हणजे जाताना सातशेहून जास्त किलोमीटर आणि परत तेवढेच. रात्रीचा रिंग रोड हा त्याला पर्याय नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. समोरून डबलसीट येणाऱ्या माणसाचं काय होईल, ते कलमात लिहिलेलं नाही.

समजा गाडी १.२ लिटर पेट्रोलची, पाच गिअरची स्विफ्ट आहे. अशी गाडी पाव मैल सतरा-अठरा सेकंदांत कापते. हे ऐकून चेहरा पडण्याचं कारण नाही. पहिल्या वेळी आकड्यापेक्षा गाडी धडधाकट परत येणं मोठं. म्हणून मोठा सायलेन्सर, ‘रेसिंग’ फिल्टर, शंभर ऑक्टेनचं पेट्रोल ही खरेदी बाजूला ठेवा. इंजिनाचं कॉम्प्रेशन आणि टायमिंग कंपनीचंच असेल तर महागड्या ऑक्टेनचा फायदा जवळजवळ शून्य. कंपनीचाच नवा कागदी एअर फिल्टर आणि बरोबर गॅपचे स्पार्क प्लग एवढं पुरतं. हवेचा फरक मात्र खरा असतो. ४५ अंशांच्या दुपारी हवा १२ अंशांच्या पहाटेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. मे महिन्यात आपल्या गाड्या उगाच सुस्त वाटत नाहीत.

वाचलेले पैसे मिस्त्रीकडे खर्च करावेत. क्लच प्लेट संपत आली आहे का, हे घरीच कळतं. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, चढला आणि वेग मागे राहिला, तर प्लेट घसरते आहे. अशी प्लेट घेऊन गेलात तर दोन-तीन सुटण्यांत जळका वास येईल आणि परतीचा प्रवास टोइंगच्या गाडीवर होईल. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि सव्वाशेच्या वेगावरून थांबताना पेडल स्पंजासारखं आत जातं. इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे रबरी माउंटिंग, फाटलेलं असेल तर चाकं रस्त्यावर उड्या मारायला लागतात. तो धक्का थेट ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर बसतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, हट्ट करायचा नाही. बॅटरीची पट्टी घट्ट हवी. ऑइलची एक गळतीही चालत नाही, कारण तुमचं थेंबभर ऑइल मागच्याची गाडी फिरवू शकतं. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे पिळाच्या ठरलेल्या जोरावर, आवळा. पाइप लावून लटकणं म्हणजे टॉर्क नव्हे. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई काढा. सीटखाली घरंगळणारी बाटली तर आधी काढा. ती ब्रेकखाली गेली तर बाकी सगळी तयारी फुकट.

टायरवर मात्र रेंगाळायला हवं. बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षी शाबूत दिसते, पण पकड गेलेली असते. अशा टायरवर ताकद वाढवणं म्हणजे नुसता धूर वाढवणं. हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजायची, कारण साधारण दर साडेपाच अंशांना एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढतो. पहाटे १५ अंशांत भरलेले तीस दुपारी ३५ अंशांत न चालवताही तेहतीस-चौतीस दाखवतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत धावण्याआधी पुढची हवा दोन ते चार पीएसआय उतरवा, त्याहून जास्त नको. मागची थोडी वाढवा, पण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. हवा मोजायचा स्वतःचा गेज आणि १२ व्होल्टचा छोटा पंप सोबत ठेवा. दोन पंपांवरचे गेज एकमेकांशी कधी सहमत झालेत का?

सुरुवातीच्या रेषेच्या अलीकडे, चाकं जागीच फिरवून टायर तापवण्यासाठी पाणी टाकलेली जागा असते. साध्या नक्षीदार टायरवाल्याने तिला वळसा घालावा, कारण नक्षीत पाणी अडकतं आणि रेषेपर्यंत सोबत येतं. रांगेत असतानाच एसी बंद करा, नाहीतर गाडी स्वतःच रेषेवर पाणी ठिबकत बसते. मग संथपणे पुढे सरकायचं. समोरच्या दिव्यांच्या खांबावरचा पहिला दिवा ‘आलात’ म्हणतो, दुसरा ‘थांबा’. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागत असतील, तर शेवटचा पिवळा दिसताच सुटायचं. हिरव्याची वाट पाहणारा मागे पडतो. तरी उशिरा सुटल्याने तुमची वेळ बिघडत नाही, कारण घड्याळ गाडी हलल्यावरच सुरू होतं. बिघडतं ते शेजारच्याशी लागलेलं गणित.

सुटताना ३००० आरपीएम धरून क्लच चावू लागेपर्यंत सोडायचा, क्षणभर हाफ क्लच, मग पूर्ण. एकदम सोडला तर चाकं जागीच फिरत राहतात किंवा इंजिन दबतं. फार वेळ धरला तर प्लेट भाजते. पुढच्या चाकांच्या गाडीची अडचण अशी की जोर लागताच वजन मागे जातं आणि पकड हवी तिथेच हलकं होतं. म्हणून पहिल्या खेपेला आरपीएम त्याहूनही कमीच ठेवावा. पुढे फक्त दोनदा गिअर बदलायचा असतो, पहिल्याचा दुसरा आणि दुसऱ्याचा तिसरा. दोन्ही ६००० आरपीएमच्या जरा वर, फेऱ्यांवर मर्यादा घालणाऱ्या लिमिटरला डोकं आपटण्याआधी. घाईत तिसऱ्याऐवजी पहिला पडला तर इंजिनचं काम तमाम. म्हणून गिअरच्या दांड्याला मूठ आवळू नका, तळव्याने ढकला.

शेवटची रेषा ओलांडली की ॲक्सिलरेटर सोडा, गिअरमध्येच ब्रेक लावा. चावी बंद करू नका, स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतील. परत आल्यावर बोनेट उघडून अर्धा तास थांबा. हातात वेळांचा कागद मिळाला तर त्यातला साठ फुटांचा आकडा, म्हणजे पहिले साठ फूट कापायला लागलेला वेळ, आधी वाचा. सुटणं जमलं की नाही, ते तिथेच कळतं. अडीच सेकंदांच्या आसपास असेल तर पहिल्या दिवसाला छान. पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदला, हवा किंवा आरपीएम. दोन्ही एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली, ते कुणालाच सांगता येत नाही.

शेवटची धाव झाली की स्टेपनी परत डिकीत, नट पुन्हा तपासून घ्यायचे, आणि टायर थंड झाल्यावर पुढची हवा मूळ आकड्यावर. समृद्धीच्या सिमेंटवर १२० च्या वेगाने तासन् तास जाणारा कमी हवेचा टायर आतून तापत जातो आणि फुटतो.