सुपारी घेण्याआधी बिल कसं लागेल ते विचारा

तबल्यावर घर चालवायचं ठरवलं त्याला आता काही वर्षं झाली. रियाज, साथीची ओळख, पहिल्या सुपाऱ्या म्हणजे कार्यक्रमांची बुकिंग, सगळं होत गेलं. अडलो तो एका इव्हेंटवाल्यांच्या अकाउंट्स विभागात, आणि तो राग अजून गेलेला नाही.

नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर एका कंपनीचा वार्षिक समारंभ होता. आम्ही चौघं. कार्यक्रम रंगला, टाळ्या मिळाल्या. मानधनाचं विचारलं तर "बिल पाठवा." पाठवलं. मग व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म आला. त्यात जीएसटी नंबरची चौकट भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जाईना. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, हे मी फोनवर सांगितलं, जाऊन सांगितलं, ईमेलवर लिहून दिलं. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि तेच उत्तर, "सिस्टिम घेत नाही." साहेब मुंबईला, मग ऑडिट, मग दिवाळी. बासरीवाल्याच्या मुलाची फी भरायची होती, तो मला रोज फोन करायचा. वाजवून झालेल्या कामाचे पैसे मागताना याचकासारखं उभं राहावं लागतं, याची मला मनापासून चीड आहे.

शेवटी साध्या कागदावर सहीनिशी लिहून दिलं, की माझी उलाढाल मर्यादेच्या आत आहे, म्हणून जीएसटी नोंदणी नाही. सोबत पॅन आणि रद्द केलेला चेक. त्यावर काम झालं! हा कागद आता माझ्या फाइलमध्ये तयारच असतो. तुम्हीही करून ठेवा.

त्यांच्या आग्रहावरून चौघांचं बिल एकत्र, माझ्या नावावर होतं. त्यामुळे १०% टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला प्राप्तिकर, सगळ्या रकमेवर माझ्याच पॅनवर कापला गेला. आता मी ज्याचं त्याचं बिल वेगळं द्यायला लावतो. एका देणाऱ्याकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपर्यंतच्या व्यावसायिक मानधनावर हा टीडीएस कापायचा नसतो. कापलाच तर तो २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या प्राप्तिकर खात्याच्या उताऱ्यात, दिसतोय का, ते बघा.

कुठली सुपारी घ्यायची? रिसेप्शनला केहरव्यासारखा हलकाफुलका ताल वाजवून महिना निघतो, पण हात तयार होतो तो बैठकीत, विलंबित एकताल, म्हणजे अगदी संथ लयीतला ताल, अर्धा तास धरून ठेवताना. म्हणून कमी बिदागीची ख्यालाची बैठक मी सोडत नाही. मला चांगले गायक तिथूनच मिळाले. लॉन्सवाल्यांकडून मात्र निम्मी रक्कम आगाऊ घेतो, आणि मानधन हजेरीच्या वेळेपासून ठरवतो. भाषणं लांबतात, रात्री १० ला स्पीकर बंद होतो आणि मग "तुम्ही वीसच मिनिटं वाजवलंत" असं ऐकून घ्यावं लागतं. हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यायचं.

आणि हो, गायकाची पट्टी, म्हणजे तो कुठल्या सुरात गातो ते, बुकिंगच्याच दिवशी विचारा. पेटीच्या काळी एक या सुराचा तबला काळी चारला लागत नाही. दुसरा भाड्याने आणायचा तर ते भाडं आधीच मानधनात धरावं लागतं.