सांगलीत बसून ट्यूब कॉम्बो निवडताना: आधी मागची पाटी बघा (माझा अनुभव)

‘कन्व्हर्टर लावा, चालतंय की!’ एका दुकानाचं हे उत्तर आठवलं की अजून डोकं तापतं. माझा प्रश्न साधा होता: हा कॉम्बो (गिटारचा अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, आत जुन्या रेडिओसारख्या काचेच्या ट्यूब) आपल्या २३० व्होल्टचा आहे की १२० चा? अ‍ॅम्पच्या मागच्या पाटीचा एक फोटो पाठवला असता तर विषय संपला असता. तो फोटो येता येईना, आणि मधल्या काळात बाकीची सगळी निवड उरकली. म्हणून निवडीचं थोडक्यात सांगतो आणि पाटीचं सविस्तर.

मिरजेत सतार किंवा तंबोरा घ्यायचा तर कारागिरासमोर बसून, छेडून, जवारी ऐकून घेता येतो. ट्यूब कॉम्बोला आपल्याकडे ती सोय नाही. पुण्या-मुंबईला जावं लागतं, नाहीतर फोनवरच्या माणसावर विश्वास टाकावा लागतो.

मला हवा होता ऑर्केस्ट्रापासून रॉकपर्यंत सगळ्याला पुरेल असा एकच अ‍ॅम्प. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना ड्रमरसोबतही न फाटणारा स्वच्छ आवाज, पुढच्याच गाण्याला डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज), आणि घरी शेजाऱ्यांना त्रास न होता सराव. यातलं पहिलं वॅटवर आणि स्पीकरवर ठरतं. १५ वॅट आणि ३० वॅट यांत फरक फक्त ३ डेसिबलचा असतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे वॅटच्या आकड्यामागे धावण्याआधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती मोठा वाजतो, ते बघा. ९७ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचा स्पीकर बसवला, तर तो वॅट दुप्पट केल्याइतकाच फरक असतो.

व्हॉक्स एसी१५ मध्ये दोन ईएल८४ आहेत (स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्यूबचा एक प्रकार; पुढचे ६व्ही६, ६एल६, ईएल३४ हेही तसेच), आवाज सुरेख, पण इफेक्ट्स लूप (पेडल, म्हणजे पायाने चालवायची इफेक्टची डबी, आतल्या मधल्या टप्प्यात जोडायची सोय) नाही आणि ड्रमसोबत स्वच्छ आवाज लवकर संपतो. फेंडर ब्लूज ज्युनियर उचलायला हलका, १५ वॅटचा, पण लूप त्यालाही नाही. फेंडरचा ६५ डिलक्स रिव्हर्ब, दोन ६व्ही६ आणि २२ वॅट, पेडलवाल्यांसाठी माझ्या मते सर्वांत गोड. पण मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा एकूण आवाज वेगळा कमी करायचं बटण) नाही, म्हणजे अ‍ॅम्पचं स्वतःचं डिस्टॉर्शन हवं तर आख्खी गल्ली जागी होते. हॉट रॉड डिलक्सला दोन ६एल६, ४० वॅट आणि लूप. स्वच्छ आवाजाला राजा, पण वीसेक किलो वजन जिन्यावरून रोज कोण नेणार? मी मार्शलच्या डीएसएल२०सीआरवर थांबलो. दोन ईएल३४, दोन चॅनल (एक स्वच्छ, एक डिस्टॉर्शनचा), लूप, मास्टर, आणि २० वरून १० वॅटवर आणायचा स्विच. दोन्ही चॅनलना इक्वलायझर (बेस-ट्रेबलची बटणं) एकच आहे, हा त्याचा खरा तोटा. स्वच्छ आवाजासाठी लावलेला बेस डिस्टॉर्शनला जड होतो. मी लूपमध्ये इक्यू (इक्वलायझर) पेडल टाकून तो सोडवला. १० वॅटच्या स्विचने आवाज निम्मा होत नाही, ३ डेसिबलच उतरतो. घरचं काम मास्टरवरच करायचं. आणि सांगलीच्या भावे नाट्यमंदिरासारख्या हॉलमध्ये अ‍ॅम्पसमोर माईक लागतोच, त्यामुळे २० वॅट कमी पडत नाहीत.

आता व्होल्टेज.

लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कारण आत स्विचिंग सप्लाय असतो. बहुतेक ट्यूब अ‍ॅम्पमध्ये तो नसतो. लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याचं प्रायमरी वाइंडिंग (मेनची वीज घेणारी तारेची गुंडाळी) ठरावीक व्होल्टेजसाठीच गुंडाळलेलं असतं. अमेरिकेचा १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा अ‍ॅम्प आपल्या २३० ला लावला, तर नशीब बरं असेल तर फ्यूज उडतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टर कॅपॅसिटर जातात. जपानचा माल १०० व्होल्टचा असतो. परदेशातून कुणी आणून विकलेला जुना अ‍ॅम्प घेताना ही तपासणी टाळायचीच नाही.

कुठे बघायचं? वायर जिथे खुपसतो त्या सॉकेटजवळ पाटी असते. तिच्यावर तीन गोष्टी वाचायच्या: व्होल्ट, हर्ट्झ, वॅट. शेजारी फ्यूजचा आकडाही असतो. १२० च्या अ‍ॅम्पला २३० च्या मानाने साधारण दुप्पट अँपिअरचा फ्यूज लागतो, त्यामुळे पाटी पुसली असली तरी फ्यूजवरून अंदाज येतो. आकड्याआधी ‘टी’ असेल तर तो हळू उडणारा फ्यूज. तिथे साधा लावला तर अ‍ॅम्प सुरू करतानाच उडतो. आणि वायरचा प्लग बघून ठरवू नका. वायर कुणीही बदलू शकतो.

दुकानाने सुचवलेला कन्व्हर्टर तर धोक्याचाच. प्रवासात हेअर ड्रायरसाठी वापरायचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर विजेची लाट कापून व्होल्टेज कमी करतात. हीटिंगच्या वस्तूला ते चालतं. अ‍ॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर त्यावर गुरगुरतो आणि तापतो. लागतो तो खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. पाटीवरच्या वॅटच्या दीडपट ते दुप्पट व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) धरा. पाटीवर १८० वॅट असेल तर ३०० व्हीएच्या खाली जाऊ नका. बाजारात २३० ते ११० चे सहज मिळतात आणि ते चालतात, कारण लाइन २४५ असेल तर पलीकडे सुमारे ११७ व्होल्ट येतात. घेताना तिसरी पिन, म्हणजे अर्थ, आतून पुढे जोडली आहे का हे मीटरने बघा. स्वस्तातल्या कित्येक ट्रान्सफॉर्मरमध्ये ती नुसती दिखाव्याची असते. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो, हेही लक्षात असू द्या. काही अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरला २३० च्या तारा आतच दिलेल्या असतात आणि जाणकार माणूस त्या बदलून जोडतो. मात्र हे स्वतः करू नका, आतल्या कॅपॅसिटरमध्ये अ‍ॅम्प बंद केल्यावरही ४०० व्होल्ट राहू शकतात. बदल झाला की फ्यूजही निम्म्या अँपिअरचा टाकायचा.

हे सगळं करता येतं, पण त्याची किंमत दुकानदाराच्या भावात धरलेली नसते. चार-पाच किलोचा ट्रान्सफॉर्मर प्रत्येक कार्यक्रमाला न्यायचा, आणि एखाद्या दिवशी मंडळाच्या पोराने अ‍ॅम्प थेट बोर्डात लावला की खेळ खलास. मी त्या दुकानाला सरळ सांगितलं: पाटीचा फोटो नाही, तर पैसे नाहीत. शेवटी फोटो आला, त्यावर १२० होतं. तो सौदा तिथेच सोडला आणि २३० चा अ‍ॅम्प दुसरीकडून घेतला. सुटल्यासारखं वाटलं. तुम्हीही फोटोशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

अ‍ॅम्प २३० चा असला तरी आपली लाइन २३० असेलच असं नाही. शेतीपंपांच्या फीडरजवळच्या गावात दिवसा व्होल्टेज बसतं आणि रात्री पंप बंद झाले की चढतं. ट्यूबच्या हीटरला (आत तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यात दहा टक्के इकडेतिकडे चालतं. लाइन २५३ झाली की हीटर ६.९३ वर जातो, म्हणजे अगदी मर्यादेवर. ईएल८४ वाले अ‍ॅम्प मुळातच ट्यूबना तापवून चालवतात, तिथे हे लवकर भोवतं. दुपारी आणि रात्री उशिरा मीटर लावून बघा. सतत २५० च्या वर दिसलं तर स्टॅबिलायझर घ्या, आणि शक्यतो सर्व्हो, म्हणजे मोटरने व्होल्टेज सलग जुळवणारा. फ्रिजचा रिले स्टॅबिलायझर कटकट करत टप्पे बदलतो आणि तो आवाज स्पीकरमधून येऊ शकतो.

अर्थिंगला व्होल्टेजहून जास्त महत्त्व द्या. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. अर्थ नसेल तर माईकला ओठ लागताच झटका बसू शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. सॉकेटवर मीटर लावा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पण तिथे पक्का शून्य दिसला तर खूश होऊ नका. त्याच बोर्डावर इस्त्री लावून पुन्हा मोजा. आकडा थोडा वाढला तर ठीक. तरीही शून्यच असेल तर कुणीतरी सॉकेटच्या आत अर्थ आणि न्यूट्रल एकत्र बांधलेले असण्याची शक्यता आहे. अशा जागी न्यूट्रल तुटली की चासीवर सगळे २३० व्होल्ट येतात. वायरमनकडून सॉकेट उघडून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला विसरू नका. अर्थची पिन कापून घरघर घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला परत विचारू नका.

घरघरीवरून आठवलं. दुकानात अ‍ॅम्प ऐकताना सगळे व्हॉल्यूम शून्यावर ठेवून आधी शांतता ऐका. जाड, ५० हर्ट्झची गुणगुण बहुतेक अर्थ, वायरिंग किंवा हीटरकडून येते. तिच्याहून वरच्या सुराची १०० हर्ट्झची घरघर फिल्टर कॅपॅसिटर थकल्याची खूण. मग आवाज थोडा वाढवून पुढच्या लहान ट्यूबवर, म्हणजे १२एएक्स७ वर, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारा. हलकी टकटक चालेल. घंटेसारखी किणकिण आली तर ती ट्यूब बदलून मागा. स्वतःची गिटार आणि स्वतःची पेडल घेऊन जा, आणि घरी वाजवणार तेवढ्या आवाजावरही ऐका. दुकानात मोठ्याने सगळेच अ‍ॅम्प छान वाटतात.

ट्रान्सपोर्टने आलेला कॉम्बो लगेच चालू करू नका. मागून बघा: ट्यूब नीट बसल्यात का, आणि स्पीकरचा प्लग जागेवर आहे का. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. बाहेरचा कॅबिनेट लावताना मागे लिहिलेले ओहम जुळवा आणि स्पीकर केबलच वापरा, गिटारची नाही. कार्यक्रम संपल्यावर ट्यूब निवेपर्यंत अ‍ॅम्प गाडीत टाकू नका. तापलेली ट्यूब धक्क्याने लवकर खराब होते.

आणि बिलावर मॉडेल, सिरियल नंबर आणि ‘२३० व्होल्ट’ हे तिन्ही लिहून घ्या. ट्यूबची वॉरंटी बहुतेक वेळा अ‍ॅम्पपेक्षा कमी मुदतीची असते. ती किती, हेही त्याच कागदावर, दुकानाच्या शिक्क्यासह.