आता दोघांचा वेळ कसा जातो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, बँकेत, भाजीबाजारात कुणी ना कुणी विचारतंच, "दोघंही रिटायर, लेकरं पुण्याला. मग आता वेळ कसा जातो हो?" विचारणाऱ्याच्या आवाजात जरा कीव असते, म्हणून एकदा नीटच सांगते.

आमचा आठवडा मंगळवारपासून मोजायचा, कारण मंगळवारी वेरूळ बंद असतं. बँक, दवाखाना, दळण, विजेचं बिल, सगळं त्याच दिवशी उरकतो. बुधवारी दुपारी वेरूळची बस. संभाजीनगरहून तीसेक किलोमीटर.

नोकरीत असताना मी शाळेच्या सहलीबरोबर तिथं जायचे, तेव्हा लेण्यांपेक्षा पोरं मोजण्यातच लक्ष असायचं. आता चित्रवही घेऊन जाते. लोक ३४ लेणी, घृष्णेश्वर आणि दौलताबादचा किल्ला एका दिवसात उरकतात. मी एका फेरीत एकच लेणं धरते. सध्या दहावं चालू आहे, ज्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात. वर बघितलं की छताला वाशांसारख्या फासळ्या दिसतात, ओळीनं, सगळ्या दगडात कोरलेल्या. डोंगरातूनच कोरून काढलेल्या छताला वाशांचा आधार कशाला? पण आधी लाकडी चैत्यगृहं, म्हणजे बौद्धांची प्रार्थनागृहं, होती, त्यांचं रूप दगडातही तसंच उतरलं. त्या फासळ्यांची कमान माझ्या कागदावर अजून नीट बसलेली नाही. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तेव्हा चित्र काढायचं असेल तर दुपार कलल्यावर जा. सकाळी आत उजेड कमीच. आमचे हे मात्र बाहेर झाडाखाली पेपर वाचत बसतात. त्यांच्या मते सगळी लेणी सारखीच.

त्यांचा जीव मोडी लिपीत. पाटबंधारे खात्यात जन्मभर फायली बघितल्या, तरी कागदाची हौस फिटली नाही. रिटायर झाल्यावर मोडीच्या वर्गाला जाऊन बसले. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं लटकवत जायची. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. नाव कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आमच्या ओट्यावर झेरॉक्स घेऊन माणसं यायला लागली. निजामाच्या काळातले कागद, त्यातले कित्येक उर्दूत. ते हे सरळ परत करतात. मोडीतले वाचून दाखवतात, फसली साल, म्हणजे महसुली साल, असेल तर त्यात ५९० मिळवून इसवी सन काढून देतात (महिन्याप्रमाणं कधी ५९१), आणि बजावतात, "हे फक्त वाचून दाखवलं. जातीच्या दाखल्याला चालणार नाही." पैसे घेत नाहीत. चहा मात्र मी करते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

रविवारी गावी, पैठणच्या अलीकडं. सासूबाई तिथंच राहतात. पंचाहत्तरी उलटलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट, तेव्हापासून त्यांचा पाय घरात ठरत नाही. आम्ही गेलो की त्या पिशवी घेऊन तयारच: नाथांच्या समाधीला चला. पुढं मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. हे अजून पासष्टीचे व्हायचेत. म्हणून तिघं निघालो की आई शून्य, मी अर्धी आणि हे पूर्ण. कंडक्टरसमोर सासूबाई मोठ्यानं म्हणतात, "आमच्यात महाग हाच." पुढच्या वर्षी त्यांचंही अर्धं होईल, मग ही गंमत जाईल.

थंडीत तिथूनच नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, पाखरं बघायला जातो. तिथं दोघांचं जमतं, कारण बोलायचं नसतं.

बाकीचे दिवस भजनी मंडळ, नातवंडांचे व्हिडिओ कॉल, कुणाचं बारसं, कुणाचं मातीला जाणं. ते सगळ्यांच्याच घरी असतं, त्याचं वेगळं काय सांगायचं.

एवढं मात्र खरं, की रोज दिवसभर एकमेकांसमोर बसायची पाळी आली असती तर आम्ही भांडून बेजार झालो असतो. यांचे कागद आणि माझी चित्रवही एका टेबलावर ठेवायची नाही, हे पहिल्याच महिन्यात ठरलं.

भेटायला यायचं असेल तर मंगळवारी या. फक्त आधी फोन करा, दळणाला गेलेली असेन.