लेबल ड्रमवर होतं, ॲसिड बाटलीत होतं

भोसरीतल्या एका प्लेटिंग कारखान्यात, म्हणजे रसायनांच्या टाकीत बुडवून धातूवर मुलामा देतात तिथे, मी केमिस्ट आहे. रसायनांची लेबलं आणि कामगारांचं प्रशिक्षण माझ्याकडे आलं, तेव्हा आधी स्टोअरची यादी केली आणि प्रत्येक सप्लायरकडून सुरक्षा माहितीपत्रक मागवलं. त्याचे 16 भाग असतात. एकाने दीड पानात उरकलं होतं. पूर्ण पत्रक येईपर्यंत त्याचं बिल अडवलं. पर्चेसवाले कुरकुरले, पण चौथा भाग प्रथमोपचाराचा, आठवा हातमोजे-चष्म्याचा. तेच नसतील तर शिकवायचं काय?

खरा घोळ प्रत्यक्ष कामाच्या जागी होता. पिकलिंगचं, म्हणजे धातूवरचा गंज काढायचं ॲसिड लेबल लावलेल्या ड्रममधून निघायचं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत जायचं. शेजारीच कुणाची तरी पिण्याची बाटली. पोटात गोळाच आला. त्या बाटल्या त्याच दिवशी हद्दपार केल्या, घट्ट झाकणाचे कॅन आणले. प्रत्येकावर रसायनाचं नाव, लाल चौकटीतली चित्रं, ‘धोका’ हा शब्द, आणि अंगावर उडालं तर काय करायचं ते मराठी-हिंदीत.

प्रशिक्षण शिफ्टच्या सुरुवातीला, टाकीपाशीच घेतलं. ज्योत, कवटी सगळ्यांनी ओळखली. छातीवर तारा फुटलेला माणूस मात्र बऱ्याच जणांना हार्ट अटॅकचा वाटला. तिथे मी थांबले. क्रोमिक ॲसिडवर हेच चित्र असतं. आज काही जाणवत नाही, पण टाकीवरचे बारीक तुषार वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिले तर नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं, फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. सर्वांत जुने काका हळूच म्हणाले, “मॅडम, माझ्या नाकातनं अधूनमधून रक्त येतं. मला वाटायचं, उन्हानं असंल.” त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं, टाकीचा एक्झॉस्ट तपासून घेतला. भोपाळनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रियांच्या कारखान्यात कामगाराला धोक्याची माहिती देणं बंधनकारक झालं. काकांना इतक्या वर्षांत कुणी काही सांगितलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

ठेकेदाराची माणसं सारखी बदलतात. म्हणून आता नव्या माणसाला टाकीवर घेण्याआधी काकाच त्याच्याकडून लेबल वदवून घेतात. वाचता येत नसेल तर चित्रांवरून. मग त्याने डोळे मिटून आयवॉशपर्यंत, म्हणजे डोळे धुवायच्या नळापर्यंत, जाऊन दाखवायचं. डोळ्यात ॲसिड गेल्यावर डोळे उघडत नाहीत, आणि पाणी मात्र ताबडतोब लागतं, निदान 15 मिनिटं सलग.