शेऱ्याचा रकाना

जुलैत माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी आली. वडील गवंडी, गाव कर्नाटकातल्या इंडी तालुक्यात, चौथीपर्यंत कन्नड शाळा. दाखला नव्हता. पण २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही आणि वर्गही वयानुसार द्यावा लागतो, त्यामुळे ते लगेच मिटलं. सोलापुरात यात नवल नाही. आमच्याच वर्गात घरी तेलुगू बोलणारी, उर्दू बोलणारी मुलं आहेत. मधल्या सुट्टीत भांडण कुठल्या भाषेत पेटेल याचा नेम नसतो.

त्याच आठवड्यात स्तर निश्चितीची, म्हणजे मूल वाचनात आणि गणितात कुठवर आलंय ते ठरवणारी चाचणी आली. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख सर शेजारी बसलेले. गोष्टीचं कार्ड पुढे केलं, ती गप्प. परिच्छेद, शब्द, शेवटी अक्षरं. मान खाली घालून कन्नडमध्ये म्हणाली, ‘गोत्तिल्ल.’ माहीत नाही. तक्त्यावर खूण झाली: प्रारंभिक स्तर, म्हणजे सगळ्यात खालचा. मग गणित. ‘५०२ वजा ३४७’ असं छापलेलं. ती त्या आकड्यांकडे बघत राहिली आणि पेन्सिल खाली ठेवली. तिथेही खूण झाली.

मला ते पटेना. चौथी झालेली मुलगी, वही नीटनेटकी, बोटं शाईने माखलेली, आणि वजाबाकी येत नाही? तिची जुनी वही मागितली. पानभर भागाकार, सगळे इंग्रजी आकड्यांत. तिकडे हिंदी सहावीपासून, म्हणजे देवनागरी आकडे तिने शिकायचं काही कारणच नव्हतं. आपला १ तिला नऊसारखा दिसत असणार, ६ म्हणजे उलटा तीन.

तीच वजाबाकी मी फळ्यावर इंग्रजी आकड्यांत लिहिली. ती उठली, हातचे वर मांडले आणि १५५ उत्तर लिहून जागेवर गेली. मग ९३५ भागिले ५ दिलं. तेही बरोबर. मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याच्या घरी कन्नड बोलतात, तो सांगायला लागला, ‘बाई, तिला पाढे माझ्यापेक्षा जास्त येतात.’ वर्ग हसला. ती पहिल्यांदा हसली. मग दप्तरातलं चौथीचं पुस्तक काढायला लावलं. कन्नड धडा तिने न अडखळता वाचला. मला कळलं ते निम्मंच, पण वाचणारं मूल ऐकू येतं.

सरांनाही ते दिसलं. भला माणूस. पण तक्त्यात खुणेचे रकाने दोनच, भाषा आणि गणित, आणि भाषा म्हणजे शाळेचं माध्यम. गणिताची खूण त्यांनी बदलली. भाषेची बदलता येईना. मी शेऱ्यात लिहिलं: ‘कन्नड परिच्छेद सलग वाचते, मराठी लिपी परिचय सुरू.’

‘लिहा,’ सर म्हणाले, ‘पण शेरा ऑनलाइन भरता येत नाही हो, बाई.’

बालभारती कन्नड माध्यमाचीही पुस्तकं छापते. अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नड शाळेवर माझी एक मैत्रीण आहे. तिच्याकडून पाचवीचं गणित मागवलं. आता एकाच बाकावर दोन्ही पुस्तकं उघडी असतात, आणि मराठीतलं उदाहरण तो पोरगा तिला समजावून सांगतो. उत्तर मात्र बहुतेकदा तीच आधी काढते.